जिन्याला दिलेली खोली

शिवाजी पेठेतल्या निलाक्कांच्या घराला पुढची खोली नव्हती. म्हणजे पूर्वी होती. लाकडी कोच आणि काचेचं कपाट असलेली, आल्यागेल्याला बसवायची खोली. पण आम्ही तिथं भाड्यानं राहायला गेलो, त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी ती जिन्याला देऊन टाकली. त्यानंतर रस्त्यावरचं दार उघडलं की समोर जिनाच दिसायचा. शाळेत असतो तसा रुंद, बसक्या पायऱ्यांचा. नवीन माणूस उंबऱ्यातच थबकायचा. "घर कुठं हाय?" असं एका पोस्टमननं खरोखर विचारलं होतं. त्यावर वरून निलाक्कांचा आवाज आला होता, "वर हाय की! या, चढायला सोपं केलंय."

हा जिना त्यांनी एका कुत्र्यासाठी बांधून घेतला होता.

मी तेव्हा बँकेत होतो. साताऱ्याहून बदली होऊन कोल्हापुरात आलो होतो आणि निलाक्कांच्या घरातल्या तळमजल्याच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या होत्या. त्या स्वतः वरच्या मजल्यावर राहायच्या. पंचावन्नच्या आसपास वय, ठेंगणा बांधा, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि कोणत्याही घरंदाज बाईचे नसतील इतके राठ तळहात. यजमान वारल्यावर लक्ष्मीपुरीतलं दोरखंडाचं आणि ताडपत्रीचं दुकान त्या एकट्या चालवत होत्या. मुलगी लग्न होऊन हुबळीला. माहेर निपाणीकडचं, त्यामुळं रागावल्या की कानडीत आणि लाडात आल्या तरी कानडीतच बोलायच्या. एरवी कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं, पुरुषासारखं, "मी जातो, मी करतो."

"बघू" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. व्हय किंवा न्हाय. एकदा व्हय म्हटलं की त्यावर चर्चा बंद. "ठरलं न्हवं? आता कसं करायचं तेवढं बोला," असं म्हणायच्या. मला त्या शेवटपर्यंत 'पावणं' म्हणत राहिल्या. आम्ही तिथं नऊ वर्षं काढली, पण साताऱ्याचा माणूस तो पाहुणाच.

त्यांच्या धाकट्या दिराचा शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचा कारखाना होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मंदी आली, तेव्हा तो बंद पडला. मशिनं हलवायला निलाक्कांच्या दुकानातले दोर गेले होते. ते परत आणायला त्या टेम्पो घेऊन गेल्या, तर रिकाम्या शेडमध्ये एक ग्रेट डेन साखळीला बांधलेला. दिरानं चांगल्या दिवसांत हौसेनं पुण्याहून आणलेला, नाव सीझर. आता दीर बंगळूरला नोकरीला निघाला होता आणि वॉचमन गावाला. कुत्र्याचं काय, ते कुणी ठरवलंच नव्हतं.

निलाक्का दोर घेऊन आल्या. सोबत कुत्राही.

मी बँकेतून आलो तेव्हा गल्लीत माणसं जमली होती. टेम्पोतून बिस्किटी रंगाचं, काळ्या तोंडाचं एक जनावर खाली उतरत होतं आणि ते उतरणं संपतच नव्हतं. पाय झाले, मग छाती, मग पाठ. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचे दिनकरदादा म्हणाले, "अक्का, हे कुत्रं हाय का रेडकू?"

"कुत्रं हाय. मोत्या नाव हाय त्याचं," निलाक्का म्हणाल्या. सीझरचा मोत्या टेम्पोतच झाला होता.

पहिली अडचण लगेच आली. मोत्या जिना चढेना. सपाट शेडमध्ये वाढलेलं जनावर. त्यानं जन्मात पायरी पाहिली नव्हती. आणि तो जुना जिना म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडीच. मी सुचवलं की पुढच्या खोलीत राहू दे. निलाक्कांनी माझ्याकडं पाहिलं.

"तुमची येजा त्याच खोलीतनं. बायको पोटुशी हाय. सत्तर किलोचं धूड दारात बसलं तर तिनं आत-बाहेर कसं करायचं? वर गच्ची हाय, तिथं हिंडंल."

"पण चढणार कसा?"

"त्येला जिना जमत न्हाय तर जिन्यानं सुधारायचं."

आठ दिवसांत सुतार आला. कोच विकला गेला, कपाट हुबळीला मुलीकडं गेलं आणि कडेनं आमच्या येण्याजाण्यापुरती वाट सोडून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नवा जिना उभा राहिला. मग शिकवणी. रोज सकाळी त्या पायरीवर बसायच्या आणि मोत्याला वर बोलवायच्या, "बा, बा इल्ली." पहिल्या दिवशी एक पायरी. दुसऱ्या दिवशी दोन. मोत्या पुढचे पाय वर ठेवून थरथरायचा, मागचे पाय आपले आहेत हेच त्याला माहीत नसल्यासारखा. त्या ओढायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत. दुकानाची वेळ झाली की "साकु", म्हणजे पुरे, म्हणून उठायच्या. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी आमच्या डोक्यावर धाडधाड पावलं वाजली आणि सुनंदा, माझी बायको, हसत म्हणाली, "पोचला!"

दिरानं त्याला इंग्रजी हुकूम शिकवले होते. ते तो विसरला. त्याला आता कानडी कळायचं आणि गल्लीतल्या पोरांना त्याच्यामुळं तीन-चार कानडी शब्द आले. आमची मुलगी बोलायला लागली तेव्हा घरी आलेल्या माझ्या साहेबांना बोट दाखवून "कूडु" म्हणाली. म्हणजे बस. साहेब बसले.

दुसरी अडचण जास्त मोठी होती. घर शाकाहारी. कांदासुद्धा काही वारी वर्ज्य. मोत्याला दूधभाकरी सुरू झाली. दोन महिन्यांत त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या. जनावरांचे डॉक्टर माने घरी आले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं, "अक्का, एवढ्या मोठ्या हाडांचं कुत्रं दूधभाकरीवर उभं राहत नाही. मटण लागेल, नाहीतर त्याला दुसऱ्या कुणाला द्या."

 तिसऱ्या दिवशी निलाक्कांनी गच्चीवर वेगळी चूल मांडली, पत्र्याचा आडोसा केला, नवं पातेलं आणलं आणि स्वतः मटणाच्या दुकानात गेल्या. योगायोगानं मी रस्त्यावर होतो. तोंडाला पदर, नजर रस्त्याकडं. दुकानदार गडबडला. "अक्का, तुम्ही? काय पायजे?"

"त्येचं द्या."

"कुणाचं?"

"आमच्या मोत्याचं. डॉक्टरांनी लिवून दिलंय." आणि चिठ्ठी पुढं केली.

पुढं सहा वर्षं त्यांनी 'मटण' हा शब्द उच्चारला नाही. 'त्येचं' एवढंच म्हणायच्या. सकाळी आधी त्याचं शिजवायच्या, मग डोक्यावरून अंघोळ करायच्या आणि मग घरात पाऊल. पावसाळ्यात, थंडीतापातसुद्धा. थोरल्या जाऊबाईंनी हे ऐकलं आणि त्यांच्याकडं जेवायला यायचं बंद केलं. जाऊबाई स्वतः येऊन आमच्या देखत ऐकवून गेल्या, "घराण्याला काय बोल लावलास गं हा?" निलाक्का शांतपणे म्हणाल्या, "कारखान्यावर त्येचं वॉचमन शिजवत हुता. हितं मी शिजिवतो. कुत्रं तेच हाय, घराणं पण तेच हाय." जाऊबाई गेल्या त्या परत आल्या नाहीत. निलाक्कांना त्याचं वाईट वाटत होतं. सणाला त्या जाऊबाईंचं ताट वाढून ठेवायच्या आणि संध्याकाळी ते सुनंदाला द्यायच्या. पण चूल काही त्यांनी मोडली नाही.

आता मी जे सांगणार आहे त्यात माझाही वाटा आहे.

शिवाजी पेठेत फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून समजत नाही. आपला संघ जिंकला की गल्लीत गुलाल, हलगी आणि फटाक्यांच्या माळा. मोत्या तसा गरीब. पोरं त्याच्या पाठीवर बसायची. पण फटाक्याला भ्यायचा. एका सामन्यानंतर मिरवणूक घरासमोर आली, माळ लागली आणि मोत्या गच्चीच्या दाराची कडी उपटून जिन्यावरून खाली, दारातून बाहेर आणि समोरून येणाऱ्या दिनकरदादांच्या स्कूटरवर. दादांचं मनगट मोडलं. मोत्या पार रंकाळ्यापर्यंत पळाला. निलाक्का अनवाणी त्याच्या मागं.

चार दिवसांनी गल्लीचा अर्ज तयार झाला. सदर कुत्रे भरवस्तीत ठेवण्यास मनाई करावी, वगैरे. दिनकरदादांनी प्लास्टरचा हात दाखवत घरोघरी सह्या घेतल्या. आमच्या दारात आले तेव्हा आमची मुलगी जेमतेम चालत होती. मी सही केली. निलाक्कांना काही न सांगता केली, हे खरं.

रविवारी सकाळी गिरणीपुढं सगळे जमले. निलाक्का आल्या, "अर्ज द्या" म्हणून कागद हातात घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. मजकूर वाचला, मग सह्या. एकेक नाव घ्यायच्या आणि त्या माणसाकडं बघायच्या. शेवटी म्हणाल्या, "आणि आमच्या घरातलं पावणं." माझी मान खाली गेली. त्यांनी कागदाची घडी घालून दादांना परत दिली.

"दादा, तुमचा हात मोडला. चूक मोत्याची न्हाय, माझी. एवढं मोठं जनावर गावात आणलं आन् गाव त्येच्यापरमानं वागंल असं धरून चाललो. मला एक महिना द्या. एक महिन्यात कुणाला तरास झाला तर मी स्वतः ह्या कागदावर सही करतो."

"आणि मॅचच्या दिवशी?" कुणीतरी विचारलं.

"मॅचच्या दिवशी त्यो गावात नसंल."

तसंच झालं. गडमुडशिंगीला त्यांच्या मावसभावाचं शेत होतं. ज्या दिवशी पेठेच्या संघाचा सामना, त्या दिवशी दुकान बंद. सकाळीच टेम्पोत मोत्या आणि निलाक्का शेताकडं, संध्याकाळी निकाल लागून गुलाल धुतला गेला की परत. फुटबॉलचं वेळापत्रक त्यांच्याइतकं कुणालाच पाठ नव्हतं. एरवी पहाटे पाचला, रस्ता रिकामा असताना, दोन दोर लावून फिरवायला न्यायच्या. बैलाला घालतात तसं मुसकं त्यांनी सुताचं मऊ विणून घेतलं होतं. गच्चीच्या दाराला लोखंडी अडसर आला. उन्हाळ्यात गच्चीवर ताडपत्रीचा मांडव आणि दिवसातून चार वेळा ओली पोती, कारण एवढ्या अंगाच्या कुत्र्याला आपलं ऊन सोसत नाही.

अर्जाच्या दुसऱ्या दिवशी त्या आमच्या दारात आल्या होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "सही केलासा ते बराबर केलासा. लेक ल्हान हाय. पण आधी मला सांगायचं हुतं की." एवढंच. मला वाटतं, त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. महिना उलटला, वर्ष उलटलं. तो अर्ज दिनकरदादांच्या गिरणीतच कुठंतरी राहिला.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार. वरून निलाक्कांची हाक आली, आणि त्या हाकेत काहीतरी वेगळं होतं. मी धावलो. मोत्या गच्चीच्या दारात उभा होता, लाळ गळत होती, ओकायचा प्रयत्न करत होता पण काही पडत नव्हतं. पोट नगाऱ्यासारखं टरारलेलं. मी फोनवर डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "पोटाला पीळ बसलाय. मोठ्या कुत्र्यांत होतं हे. तासाभरात आणा. मला तिथं येऊन काही करता येणार नाही."

तोवर मोत्या आडवा झाला होता. निलाक्कांनी मांडवाची ताडपत्री ओढून काढली, त्याच्या अंगाखाली सरकवली. "पावणं, चार माणसं आणा."

रविवारची जेवून झोपलेली गल्ली. मी पहिल्यांदा दिनकरदादांचं दार वाजवलं, कारण ते सगळ्यात जवळ होतं. दादा बनियनवरच बाहेर आले, तालमीतली दोन पोरं हाकेसरशी आली. चार कोपरे चौघांनी धरले. जुन्या जिन्यावरून ते ओझं उतरलंच नसतं. दादा उतरताना शिव्या घालत होते. मोत्याला, अक्कांना, उन्हाला. पण कोपरा सोडला नाही. खाली दोन रिक्षावाल्यांनी नकार दिला. मग दादांनी गिरणीतली धान्याची हातगाडी काढली आणि भर उन्हात आम्ही ती ढकलत निघालो. निलाक्का बाजूनं पळत होत्या, एक हात मोत्याच्या मानेवर. सारखं एकच पुटपुटत होत्या, "इरु, इरु." थांब, थांब.

दवाखान्यात डॉक्टर मान्यांनी सुई टोचून हवा काढली आणि मग म्हणाले, "पोट उघडावं लागेल. अक्का, म्हशीची पोटं मी पुष्कळ उघडली. कुत्र्याचं हे ऑपरेशन आजवर केलेलं नाही."

"मग आज करा."

"जगेलच असं नाही."

"केलं न्हाय तर जगंल का?"

डॉक्टरांनी हात धुतले. आम्ही बाहेर बाकावर बसलो. निलाक्का उभ्याच होत्या. दादा म्हणाले, "बसा अक्का." त्या म्हणाल्या, "तुमचं मनगाट दुखत असंल." दादांनी मनगट पदराआड लपवावं तसं पाठीमागं नेलं. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली. तेव्हा कुठं निलाक्का खाली बसल्या, बाकावर नाही, जमिनीवर.

तिथून मोत्या अडीच वर्षं जगला. या जातीच्या कुत्र्याला आठ वर्षं म्हणजे भरलेलं आयुष्य, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं होतं. शेवटी मागचे पाय गेले. निलाक्का तेव्हा साठीच्या पुढं होत्या. ताडपत्रीचा रुंद पट्टा त्याच्या पोटाखालून घ्यायच्या, दोन्ही टोकं हातात धरून त्याचा मागचा भार उचलायच्या आणि तसंच जिन्यावरून खाली, कोपऱ्यापर्यंत, परत. दिवसातून तीनदा. मी मदतीला गेलो की म्हणायच्या, "तुमची उंची जादा हाय, त्येला वाकडं हुतंय."

मग एके दिवशी त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितलं की आता पुरे. "काल रात्री त्यो रडला न्हाय. रडायचा पण सोडला. आता मी धरून ठिवणं बरं न्हाय." ते घरात करायचं नाही, गडमुडशिंगीच्या शेतात करायचं, असं त्यांनी ठरवलं. "वरनं खाली मेलेला आणायचा न्हाय. आपल्या पायानं उतरंल." त्या सकाळी पट्टा धरून त्यांनी त्याला जिना उतरवला. वेळ पुष्कळ लागला. गल्ली दारात उभी होती.

शेतात आदल्या दिवशीच खड्डा खणून ठेवला होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तेव्हा त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, मांडी पूर्ण झाकून दोन्ही बाजूंना उरलेलं. त्या कानडीत काहीतरी बोलत होत्या, हळू, बराच वेळ, नंतरही. मग उठल्या, बरोबर आणलेलं मीठ खड्ड्यात स्वतःच्या हातानं पसरलं आणि बरोबर आलेल्या दिनकरदादांना म्हणाल्या, "धरा."

दुपारी तीनला दुकान उघडलं होतं. मी मुद्दाम बघायला गेलो. एका शेतकऱ्याला कासरा मोजून देत होत्या.

महिनाभर त्या पहाटे पाचला उठून त्याच रस्त्यानं एकट्याच चालून यायच्या. सुनंदानं विचारलं, तर म्हणाल्या, "पायांस्नी सवय लागलीया. त्येंचं त्येंनी सोडलं की सोडतो."

त्यानंतरच्या वर्षांत कोल्हापुरात फ्लॅट उठले आणि फ्लॅटमध्ये मोठाली कुत्री यायला लागली. कुणी ग्रेट डेन, कुणी बर्फाच्या मुलखातलं सेंट बर्नार्ड. पिल्लू असतं तेव्हा चपलेएवढं; पुढचं कुणाला सुचत नाही. डॉक्टर माने अशा लोकांना निलाक्कांकडं पाठवायचे. त्या त्यांना काय सांगतात हे मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मग आमची बदली झाली.

तीनेक वर्षांनी कामासाठी कोल्हापुरात गेलो होतो. एका जुन्या सहकाऱ्याकडं जेवायला बोलावलं होतं, नव्या वस्तीतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. भारनियमनाची वेळ, लिफ्ट बंद. मी जिन्यानं निघालो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक तरुण नवरा-बायको पायरीवर घामाघूम होऊन बसले होते, मध्ये गव्हाचं पोतं. वरच्या कुठल्यातरी दारातून पिल्लाचं कुईकुई ऐकू येत होतं. आणि त्या दोघांच्या खालच्या पायरीवर, आणखी ठेंगण्या झालेल्या, केस पूर्ण पांढरे झालेल्या निलाक्का उभ्या होत्या.

"कोण, पावणं का? कवा आलासा?"

मी पाया पडलो. विचारलं, हे काय चाललंय.

"ह्येंनी सेंट बर्नाड आणलंय. चौथ्या मजल्यावर." त्यांनी पोत्यावर हात ठेवला. "हे पन्नास किलोचं हाय. ते आणखी भरंल. एक दिवस आजारी पडंल आन् लाईट नसंल. म्हटलं, आज लाईट जायच्या टायमाला या पोत्याला घरी न्या. दोघं मिळून न्या, घरात दोघंच हाईत न्हवं. पोचलं तर पिल्लू ठेवा. न्हाय पोचलं तर आत्ताच परत द्या, अजून त्येला तुमचा लळा लागला न्हाय."

"आजी, दम लागलाय," तो मुलगा म्हणाला.

"दम घ्या की. घाई कुणाला हाय?" मग माझ्याकडं वळून, "पावणं, जरा भिंतीला सरा. त्यांस्नी वाट द्या."

मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. ती दोघं एकमेकांकडं बघत होती. आधी ती मुलगी उठली. तिनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि पोत्याचं खालचं टोक धरलं. मग तो उठला. पोतं उचललं गेलं, हेलकावलं, माझ्या शर्टाला घासून वर गेलं. त्यांनी पिल्लू ठेवलं की परत दिलं, मला कळलं नाही. मी पाहिलं ते एवढंच: निलाक्का त्यांच्या मागोमाग एकेक पायरी चढत होत्या, एका हातानं कठडा धरून, आणि दुसरा हात पोत्याखाली वीतभर अंतरावर पसरलेला. पोत्याला त्यांनी तो लावला नाही, आणि वळणापलीकडं दिसेनाशा होईपर्यंत खालीही घेतला नाही.